गाडीभर माणसं

आमच्याकडे बोर्डाच्या परीक्षा आणि मृग बहाराची संत्री एकाच वेळी येतात. फेब्रुवारी सरता सरता सकाळचं ऊन जरा टोचायला लागतं, शाळेच्या आवारातला कडुनिंब पिवळी पानं ढाळू लागतो आणि सौंसरच्या माझ्या शाळेत मुलं भिंतीला टेकून शेवटची उजळणी करत असतात. घंटा होते. प्रश्नपत्रिका वाटत मी रांगेतून जाते आणि एखाद्या बाकाजवळ थबकते. वास येतो. घरून निघताना आईनं हातात कोंबलेलं संत्रं त्या मुलीनं रस्त्यातच सोलून खाल्लेलं असतं. तिच्या नखांत पिवळा रंग असतो, आणि साबणानंही न जाणारा तो वास.

"काय झालं मॅडम?" ती घाबरून विचारते.

"काही नाही. लिही तू."

ती लिहू लागते. मला मात्र संत्र्याच्या पाठोपाठ डिझेलचा वास यायला लागतो. हॉलमध्ये डिझेल कुठून येणार? पण हे दोन वास माझ्या मनात एकमेकांपासून वेगळे कधी झालेच नाहीत. आमच्या नाकवालीच्या केबिनमध्ये ते एकत्र असायचे, आणि माझं बरंचसं शिक्षण त्या केबिनमध्ये झालं.

नाकवाली म्हणजे आमचा ट्रक. इंजिन पुढे, लांब नाकासारखं निघालेलं, म्हणून नाकवाली. लष्करानं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावातून बाबांनी आणि काकानं ती दोघांत मिळून आणली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमची बाग तिगावजवळ, रुळाच्या पलीकडे. तिथून संत्री पांढुर्ण्याच्या मंडीत न्यायची, तर कोणाच्या तरी गाडीची वाट पाहत माल झाडावर पिकून गळायचा. त्यावर या दोघा भावांनी काढलेला हा तोडगा. पांढुर्ण्याच्या सुतारानं तिला लाकडी हौदा बसवून दिला. हौद्यात वाळलेलं गवत अंथरायचं, त्यावर संत्र्यांचा थर, पुन्हा गवत, पुन्हा थर. गाडी उभी राहिली तरी तिच्या अंगाला तो वास राहायचा.

बाबा चालवायचे. काका क्लीनर. मोठ्या भावाच्या गाडीवर धाकटा भाऊ क्लीनर, असं बाहेरचे लोक हसून म्हणत. पण काकाशिवाय बाबांना गाडी हलवताच यायची नाही. नाकवालीला मागचं काही दिसायचं नाही आणि डावीकडचंही नीटसं दिसायचं नाही. काका डाव्या फळीवर उभा राहायचा, एक हात खिडकीत, दुसरा हात दाराच्या पत्र्यावर. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. पुलावर, नाल्यात, मंडीतल्या गर्दीत बाबा आरशात पाहायचेच नाहीत. कान डाव्या दाराकडे लावून बसायचे. धप्, आणि ब्रेक. धप् धप्, आणि गाडी पुढे.

मी मधे बसायची. गिअरबॉक्सच्या गरम झाकणावर पोत्याची घडी, घडीवर मी, मांडीवर पुस्तक. शाळा पांढुर्ण्यात आणि हंगामात गाडी रोज तिकडेच जायची. बाबा चौथी शिकलेले, काका त्याहून थोडा जास्त. पण प्रश्न विचारायची हौस काकाला.

"सांग वो मास्तरीनबाई, पानी कायचं बनलं हाये?"

"हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं."

"दादा, आयकलं का? आपन आजवर विहिरीचं समजत होतो."

बाबा समोर पाहत हसायचे. मी चिडायची. मला तेव्हापासून तो मास्तरीणबाईच म्हणायचा. मी मास्तरीण होईन असं आमच्या घरात दुसरं कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. गरिबीमुळे नव्हे, कोणाच्या मनात ते येतच नव्हतं. काकाच्या थट्टेत ते आलं, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या सवयीचं झालं.

माझी दहावीची परीक्षा होती त्या वर्षीची एक सकाळ मला अजून तशीच्या तशी दिसते. गणिताचा पेपर. गाडीत मृगाचा माल भरलेला. तिगावच्या फाटकापाशी आलो तर फाटक बंद, आणि रुळावर मालगाडी येऊन उभी राहिलेली. हलेना. पाच डबे इकडे, पाच तिकडे, मधले आमच्यासमोर. मी पुस्तक मिटलं. बाबांनी इंजिन बंद केलं. ती शांतता फार वाईट होती. मग बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले, जामसावळीच्या दिशेनं, तिथे निजलेल्या रूपात असलेल्या हनुमंताला.

"मारुतीराया, पोरीचा पेपर चुकू देऊ नको. शिकून नोकरीले लागली, का गाडीभर मानसं घेऊन येतो तुह्या दारात. रोडगे करतो."

काका फळीवर उभा होता. त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. "आन ह्याच गाडीत हां, देवा. मंग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आनले, तर मोजू नको."

मालगाडीला हिसका बसला. धप् धप्. त्या दिवशी बाबांनी नाकवाली जशी पळवली तशी आधी किंवा नंतर कधी पळवली नसेल. मागे हौद्यात संत्री गडगडत होती आणि काका वाऱ्यात ओरडत होता, "माल गेला तरी चालन, मास्तरीन वेळेवर पोचली पाह्यजे!" मी पोचले.

नवस करणाऱ्याला पुढचं कुठे माहीत असतं. मी अकरावीत असताना वाटणी झाली. वाटणी शांतपणे झाली. भांडण झालं ते नंतर, धुऱ्यावरून. दोन शेतांमधला बांध, ज्याला आमच्याकडे धुरा म्हणतात, तो हातभर इकडे की हातभर तिकडे, एवढंच. एका नांगरटीत कोणाचा तरी बैल थोडा आत गेला, कोणीतरी कोणाला काहीतरी बोललं, आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आई आणि काकूचं बोलणं सुरूच राहिलं. त्या धुऱ्यावर उभ्या राहून तिळाची चटणी आणि भाजलेल्या जवसाची देवाणघेवाण करायच्या.

ट्रक बाबांच्या वाट्याला आला होता. पण डावी फळी रिकामी झाल्यावर तो फार चालला नाही. आधी गिअर अडकू लागला, मग एका हंगामाच्या शेवटी बाबांनी त्याला विहिरीजवळच्या जांभळाखाली नेऊन उभं केलं, आणि तो उभाच राहिला. हौद्यात बांबू रचले गेले. फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायला लागतात ते. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी कॉलेजसाठी छिंदवाड्याला गेले त्या पावसाळ्यात बाबांनी विहिरीकडून रस्त्याकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेवर संत्र्याची कलमं लावली. गाडी तर आता जात नाही, वाट कशाला मोकळी ठेवायची, असा साधा हिशेब. सुट्टीत घरी आले की आई त्या झाडांकडे बोट दाखवायची. "हे तुह्या कालेजातले झाडं."

झाडं मोठी झाली. मीही पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली. मग शिक्षकाची परीक्षा दिली, आणि एका हिवाळ्यात नेमणूक आली. सौंसर. नवीन सत्रापासून रुजू व्हायचं.

आई रडली, मग साखर वाटायला निघाली. बाबा बागेत गेले. बऱ्याच वेळानं मी शोधत गेले तर ते जांभळाखाली नाकवालीसमोर उभे होते. हातानं तिच्या नाकावरची कोंबड्यांची घाण खरवडत होते.

"बाबा?"

"नवस हाये ना, सुनी."

आईनं संध्याकाळी सरळ उपाय सांगितला. "शेजारच्याची ट्रॉली मांगू. देव काय गाडीचा नंबर पाहून राहिला का?"

"त्यानं ह्याच गाडीत म्हनलं होतं," बाबा म्हणाले.

त्यानं म्हणजे कोणी, हे आईनं विचारलं नाही. बाबांच्या तोंडून काकाचा उल्लेख कितीतरी वर्षांनी आला होता, नावाशिवाय का होईना.

तो हंगाम, त्याबद्दल मला सांगायचं आहे. पुढच्या आयुष्यात मला बरंच काही मिळालं; पण सगळं घर एकाच कामाला लागलेलं, मी मोकळी, हातात ना पुस्तक ना घड्याळ, असे दिवस ते तेवढेच. समोर बाग केशरी झालेली. तोडणाऱ्या बायांचं हसणं फांद्यांतून यायचं, माणसं दिसायची नाहीत. दुपारी कोकिळा. आणि जांभळाखाली लोखंडावर हातोडी.

हातोडी गुलाबमामाची. आईचा धाकटा भाऊ. जाम नदीपलीकडे सावरगावात त्याचं गॅरेज होतं. तो मोटरसायकलवर आला, नाकवालीभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भाऊजी, हिले दुरुस्त करून राहिले का हिची तेरवी करून राहिले?"

"तुले जमत नसन तर सांग."

"जमते जी. मीनं तुमच्या संग आपली बहीन नांदवली, हे तं लोखंड हाये."

आई चुलीपासून ओरडली, "गुलाब्या, चहा पाह्यजे ना तुले?"

मामानं घाईघाईनं पान्यांची पिशवी उघडली.

इंजिन जाम होतं. मामानं वरचे भाग खोलून आत डिझेल ओतलं आणि मुरत ठेवलं, आई लोणच्यात मीठ मुरवते तसं. रेडिएटरमध्ये गांधीलमाश्यांनी मातीची घरं केली होती, ती मी तारेनं काढली. वायरी खारींनी कुरतडलेल्या. हौद्याच्या तळच्या फळ्यांना उधई लागलेली. त्या उचलल्या तर खालून वाळलेल्या गवताचा एक चपटा थर निघाला, इतक्या वर्षांनंतरही थोडा पिवळा. बाबांनी त्यातलं मूठभर नाकाशी धरलं आणि माझ्याकडे दिलं. वास नव्हता. पण मी "हो" म्हणाले, आणि तेही म्हणाले, "हाव ना?"

धुऱ्यापलीकडे काकाचा गहू उभा होता. काका रोज त्याच्या बैलाला, पाखऱ्याला, धुऱ्यावर चरायला आणायचा. हे तो आधी करायचा की नाही कोण जाणे. बोलणं बंद असलेला माणूस बैलाशी बोलू शकतो.

"पाखऱ्या, पाहून राहिला का? लोक लोखंडाले औषध पाजून राहिले."

बाबा नट आवळत इंजिनाला म्हणायचे, "बाई, तू आयकू नको. काही लोकायले काम नसते."

"पाखऱ्या, डाव्या चाकाचा पाटा तुटेल हाये म्हना. तसंच नेलं तं नाल्यात बसन."

बाबा नट आवळत राहायचे. थोड्या वेळानं मामाला हळूच म्हणायचे, "गुलाब, डावा पाटा पाह्यजो बरं." चाकावरच्या स्प्रिंगचा तो पाटा खरंच तुटलेला निघाला. गाडीखाली इतकी वर्षं काकाच तर लोळला होता.

एकदा मामा डाव्या दारावर आला. दाराच्या पत्र्याला मधोमध उथळ पोचा होता. मामानं आतून लाकूड लावलं, हातोडी उचलली. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"ते राहू दे."

"पोचा हाये भाऊजी. रंगात वाईट दिसन."

"दिसू दे."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. किती थापा पडल्या असतील त्या एका जागी. पुढे रंगारी आला तेव्हा त्याचा ब्रशसुद्धा तिथे आत बुडायचा.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी पाहिली होती आणि मला ती कळली नव्हती. काकाच्या गव्हाला ओंब्या धरल्या होत्या, सगळं रान गर्द हिरवं. फक्त गव्हाच्या मधून, विहिरीजवळच्या धुऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत, एक पट्टा फिकट पडत चालला होता. मी बाबांना विचारलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "पानी पुरलं नसन त्याले," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा काळजी होती, बोलणं बंद असलं तरी.

मग एका सकाळी नाकवाली सुरू झाली. मामानं हँडल मारलं, बाबा स्टिअरिंगवर. आधी नुसता खोकला. मग काळा धूर, जांभळावरचे पोपट उडाले, आणि मग तो आवाज, पोटातून येणारा, अडखळत अडखळत सरळ झालेला. तोडणाऱ्या बाया टोपल्या टाकून धावत आल्या. मामा नाचला. आईनं नाकावर हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. बाबांनी गिअर टाकला, नाकवाली हातभर पुढे आली आणि थांबली.

आई हातात खोबरं घेऊन समोर उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"अवो, पन काढता कोठून?"

इंजिन तेवढं चालू होतं. समोर माझ्या कॉलेजातली झाडं उभी होती, ऐन गाडीवाटेवर, फळांनी लवलेली, फांद्याफांद्यांना बांबूचे टेकू. आम्ही रोज त्यांच्यामधून ये-जा करत होतो. त्यांच्याच सावलीत बसून स्पेअर पार्ट पुसत होतो. तोडणाऱ्या बाया त्यांच्यामधून डोक्यावर टोपल्या घेऊन रस्त्यापर्यंत जात होत्या. एका बाजूला विहीर, मागे नाला, दुसऱ्या बाजूला काकाचा गहू. एवढा मोठा ट्रक आम्ही सगळ्यांनी मिळून जिवंत केला, आणि तो जाणार कुठून हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

मामा आधी हसला, मग बाबांचा चेहरा पाहून थांबला. "भाऊजी, कडेचे तीन-चार झाडं काढले तं निंघते."

"फळावर हायेत," बाबा म्हणाले.

"तोडून घेऊ ना फळं."

"फळावर हायेत, गुलाब," ते पुन्हा म्हणाले, जणू मामानं ऐकलंच नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं. फाटकापाशी झाली होती तशी शांतता झाली.

दुपारभर ते त्या झाडांमधून हिंडत राहिले. एखादा टेकू सैल झालेला नीट करायचे, पुढच्या झाडाकडे जायचे. मी जवळ गेले. "बाबा, ट्रॉलीनं जाऊ. देव समजून घेईल."

"देव घेईन वो," ते म्हणाले. "देवाचं काही नाही."

संध्याकाळी त्यांनी नाकवालीवर ताडपत्री ओढली आणि कोपरे बांधले. आईनं ट्रॉलीवाल्याकडे निरोप पाठवला. आमच्या घरात त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही, आणि नवीन रंगाचा वास अंगणापर्यंत येत होता.

सकाळी आईनं मला हलवून उठवलं. "सुनी, चाल. बोलू नको. पाह्य फक्त."

धुऱ्याशी बाबा उभे होते. पलीकडे काका वाकून गहू कापत होता. रस्त्याच्या बाजूनं सुरुवात करून तो आमच्याकडे येत होता. सगळं शेत अजून हिरवं, पण तो फिकट पट्टा वाळून गेला होता, ओंब्या बारीक, दाणा चिमलेला. त्यातूनच तो सरळ रेघ धरून येत होता. रुंदी दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी. पाखऱ्या कापलेल्या जागेत उभा राहून काड चघळत होता.

आई खाली बसली. पट्ट्यातली माती तिनं बोटानं उकरली. कोरडी, कडक. पलीकडच्या वाफ्यात पाय रुतत होता, इथे दगडासारखं. ती माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "पानीच नाही देल्लं त्यानं इकडं. ओल्यात गाडी फसली असती."

म्हणजे ज्या दिवसांत आम्ही रेडिएटर धूत होतो आणि वायरी जोडत होतो, त्या दिवसांत धुऱ्यावर बैलाशी बोलणाऱ्या माणसानं पाहून ठेवलं होतं की ही गाडी इथून निघणार नाही. आणि पाण्याचा पाट वळवताना तो दर वेळी तेवढा पट्टा सोडत गेला होता. कोणाला काही न सांगता. उभं पीक वाळत गेलेलं त्यानं रोज पाहिलं असेल.

बाबा घरात गेले. परत आले ते विळा घेऊन. धुरा ओलांडला. कोणी विचारलं असतं की किती वर्षांनी, तर सांगता आलं असतं. पण त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलं नाही. ते या टोकाला वाकले आणि कापू लागले.

दोघं एकमेकांकडे सरकत होते. विळ्यांचा आवाज तेवढा येत होता. बरंच जवळ आल्यावर काका वर न पाहता म्हणाला, "पाखऱ्या, सांग त्याले, विळ्याले धार नाही त्याच्या."

बाबा वर न पाहता म्हणाले, "पाखऱ्या, सांग त्याले, विळा त्याचाच हाये. वाटनीत चुकून आला."

काका थांबला. कंबर सरळ केली. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. मग नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. आईनं पदर तोंडाला लावला होता. धुऱ्यावर काकू येऊन उभी होती, हातात तिळाच्या चटणीची वाटी, जणू रोजच्याच कामाला आली आहे.

ट्रॉलीवाल्याला नको म्हणून कळवलं.

शनिवारी निघालो. हौद्यात गवत अंथरलं आणि त्यावर माणसं चढली: तोडणाऱ्या बाया, त्यांच्या घरची मंडळी, मामाचा सगळा परिवार, शेजारपाजार, कणकेची पोती, वांगी, गोवऱ्या. बाबांनी नाकवाली वळवून धुऱ्यावरून गव्हात घातली. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मधून ती चालली होती, नाक वर करून. मी केबिनमध्ये माझ्या जुन्या जागेवर, पोत्याच्या घडीवर. डावीकडे कोणी नव्हतं.

रस्त्याच्या तोंडाशी काका पाखऱ्याला धरून उभा होता. तिथे चढ होता आणि डावीकडे खोल नाली. बाबांनी गाडी हळू केली. पुढे घेतली, थांबवली. त्यांना दिसत नव्हतं. काका दोरी सोडून जवळ आला, वाकून चाकाकडे पाहिलं आणि दारावर दोन थापा मारल्या. बरोबर त्या पोच्यात.

गाडी हलली नाही. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसले होते. हौद्यातल्या बाया वाकून पाहू लागल्या. काकानं पुन्हा दोन थापा मारल्या. बाबा तसेच.

मी पुढे वाकून डावं दार उघडलं.

काका त्या उघड्या दाराकडे पाहत राहिला. मग फळीवर पाय ठेवून म्हणाला, "तं का मी जामसावळीले पायदळ येऊ का, दादा?"

"तुले कोनं बोलावलं?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

"मास्तरीनबाईनं दार उघडलं ना. सरकारी मानूस हाये आता, आयका लागते."

धप् धप्.

जामसावळीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, सगळे पंगतीत बसले. बाबा आणि काका देवासमोर शेजारी शेजारी उभे राहिले आणि काकानं हनुमंताला सांगितलं, "देवा, ह्याच गाडीत आनलं. मोजून घे." मला त्या जेवणाची चव आठवते, पण त्याहून जास्त आठवते ती परतीची वाट. बाबा आरशात पाहत नव्हते.

पुढच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा काकाच्या शेतात गव्हाची पेरणी होऊन गेली होती. बारीक कोंब वर आले होते. मधला पट्टा मात्र तसाच, नुसती माती. मला वाटलं पेरायचा राहिला असेल. मी काकाला विचारलं. तो पाखऱ्याची घंटा बांधत होता.

"पेरू कसा? गाडी जाते ना तिथून," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला.

त्यानंतर तो पट्टा कधीच पेरला गेला नाही. ज्या धुऱ्याचं हातभराचं भांडण होतं, तो धुरासुद्धा आता त्या वाटेत कुठे आहे ते सांगता येत नाही. चाकांनी सपाट झाला. नाकवाली आता लांब जात नाही. हंगामात बागेतून तिगावपर्यंत, तेवढंच. पुढे लहान गाड्या माल नेतात. माझ्या कॉलेजातल्या झाडांना अजून फळ येतं.

काल पेपर आटोपल्यावर मी घरी गेले. तिगावला उतरून चालत निघाले. ऊन कललं होतं, गहू सोनेरी होत आला होता, आणि त्यातून ती तपकिरी वाट सरळ विहिरीपर्यंत गेलेली दिसत होती, दोन चाकोऱ्या आणि मधे थोडं गवत. मी तिच्यावरून चालू लागले. पर्समध्ये सकाळी डब्यासोबत घेतलेलं संत्रं तसंच होतं, ते सोललं. अर्ध्यात आले असेन, तेवढ्यात जांभळाकडून इंजिनाचा खोकला आला, मग तो अडखळत सरळ होणारा आवाज, आणि मग दारावर पडलेल्या दोन थापा.

मी वाट सोडली आणि गव्हात सरकून उभी राहिले.